कॅरलच्या परसातली टेकडी

इथे अमेरिकेत कोणाच्या घरी सत्यनारायणाला किंवा मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “तुम्ही कुठे?” म्हणजे कुठल्या कंपनीत. मी म्हणायचे, “डेकेअरमध्ये.” मग समोरचा माणूस क्षणभर थांबायचा. मी डेकेअरचं सॉफ्टवेअर वगैरे काहीतरी करत असेन, असं त्याला वाटत असावं. तसं काही नाही, मी खरोखरची मुलं सांभाळते, असं सांगितलं की “अरे वा, छान, वेळ मस्त जात असेल,” म्हणून तो प्लेट भरायला निघून जायचा.

वेळ मस्त जायचा, हे खरंच आहे. पण आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा ठरवलं, की प्लेट भरायला गेलेल्या त्या सगळ्या मंडळींना जरा परत बोलवावं आणि नीट सांगावं.

सांगलीला असताना, लग्नाआधी, मी एका बालवाडीत शिकवत होते. हाताची घडी, तोंडावर बोट. ज्या बाईंचा वर्ग सगळ्यात शांत, त्या बाई सगळ्यात चांगल्या, अशी तिथे समजूत होती आणि माझा वर्ग फारच शांत असायचा. पुढे लग्न, अमेरिका, मुलगा, त्याची शाळा. तो कॉलेजला गेला आणि मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातलं आमचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी दुपारची फिरायला जायचे. एका बाजूच्या रस्त्याला एक घर होतं. त्याच्या मागच्या कुंपणातून एकदा दिसलं, की भुरभुर पाऊस पडतोय आणि रेनकोट घातलेली चिमुरडी मुलं चिखलात बांध घालतायत. त्यांच्या शेजारी पांढऱ्या वेणीची एक उंच बाई उकिडवी बसली होती आणि काहीही करत नव्हती. ओरडत नव्हती, आवरत नव्हती, मदतही करत नव्हती. नुसती बघत होती. मी छत्री घेऊन तशीच उभी राहिले.

“मदतीला कोणी हवंय मला,” ती कुंपणापलीकडून म्हणाली. “येणार?”

ही कॅरल. उत्तर मिनेसोटात दुधाच्या गाईगुरांत वाढलेली. तिने माझी मुलाखत घेतली, तीही चिखलातच. रीतसर कागदपत्रं, पोलिसांची तपासणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हे सगळं नंतर झालंच, पण मुलाखतीत प्रश्न एकच. “मूल झाडावर चढतंय. तू काय करशील?”

“खाली उतर म्हणेन.”

“नाही. तू खाली जाऊन उभी राहशील आणि वर बघशील. बोलायचं नाही. तू बोललीस की ते तुझ्याकडे बघणार आणि पाय कुठे ठेवायचा ते विसरणार.”

सांगलीतल्या माझ्या शांत वर्गाचं काय चुकत होतं, ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात यायला लागलं. तिथे मुलं गप्प असायची. इथे बाईंनी गप्प राहायचं होतं.

डेकेअर तिच्या घरातच होतं. तळघराचं दार थेट मागच्या अंगणात उघडायचं. घसरगुंडी नव्हती की रंगीत प्लॅस्टिकची घरं नव्हती. ओंडके, जुनी टायरं, वाळू, पाण्याचा हातपंप, पोचे आलेली भांडी, ओकची झाडं आणि कोपऱ्यात एक टेकडी. टेकडी म्हणजे काय, घर बांधताना तळघरासाठी खणलेली माती तिथे टाकली होती, तिच्यावर गवत उगवलं होतं, एवढंच. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. पण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी बघितलं तर तो डोंगरच.

नियम असा, की सकाळी आणि दुपारच्या झोपेनंतर, रोज, सगळ्या ऋतूंत बाहेर जायचं. वीज चमकत असेल किंवा कातडी गोठेल अशी थंडी असेल, तरच आत. मिनेसोटात हे म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. थंडीत लहान मुलांना बाहेर न्यायचं, म्हणजे आधी जाड विजार, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण हातमोजे घातले की ते मूल स्वतःचं काहीच करू शकत नाही. प्रत्येकाचा अंगठा अंगठ्याच्या जागी घालायचा. तो जात नाही. सगळी फौज सजून दाराशी उभी राहिली, की त्यातला एक जण हमखास म्हणतो, “मला शू आलीय.” मग त्याचं सगळं उलट्या क्रमाने. तेवढ्यात बाकीचे घामाघूम. या कामात पुढे माझा हात इतका बसला, की आजही कोणाचं मूल समोर आलं तर मी नकळत त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढते.

आणि डोकी मोजायची. सतत. कोणाशी बोलताना, नाक पुसताना, गाणं म्हणताना ओठ आपले हलतच असतात. निवृत्तीनंतरही ही सवय गेलेली नाही. आरतीला उभी राहिले, की मी सभागृहातली मुलं मोजते.

मला सगळे मिस सुलभा म्हणायचे. एक-दोन मराठी मुलं मावशी म्हणायची. त्यांचं ऐकून ओवेन नावाचा एक सोनेरी केसांचा मुलगाही मला ‘माव्शी’ म्हणायला लागला. माझं नाव तेच आहे, अशी त्याची अखेरपर्यंत खात्री होती.

याच अंगणात एका शरद ऋतूत रेवा आली.

चालत नाही, आईच्या कडेवर आली. साडेतीन वर्षांची उंच मुलगी, पाय पार आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. जन्मापासून तिच्या उजव्या पायात जोर कमी होता. गुडघ्याखाली पायाला आधार देणारा प्लॅस्टिकचा ब्रेस होता, त्याच्यावर फुलपाखरं काढलेली. आई मधुरा पुण्याची, बाबा निखिल नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या तोंडून मराठी ऐकल्यावर मधुराचे खांदे जरा खाली आले.

“काकू, तुम्ही आहात म्हणून बरं वाटतंय. किती ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी तर म्हणाले, घेऊ, पण बाकीची मुलं खेळताना तिला बेंचवर बसावं लागेल, सेफ्टीसाठी. तुम्ही फक्त तिला बाहेर नेताना उचलून घ्या, प्लीज. आणि त्या टेकडीवर वगैरे अजिबात नको.”

कॅरलला मराठी कळत नव्हतं, पण टेकडीकडे गेलेला हात कळला. ती आधी मधुराशी बोललीच नाही. जमिनीवर गुडघे टेकून रेवासमोर आली आणि तिने विचारलं, “तुझ्या ब्रेसवर फुलपाखरं आहेत. ती भिजली तर चालतात का?”

रेवाने आईकडे बघितलं. तिच्या पायाबद्दल तिलाच कोणी काही विचारायची बहुधा पद्धत नव्हती.

“येस,” रेवा म्हणाली.

“नो,” मधुरा म्हणाली.

कॅरल उठली. “मी तिला उचलून फिरवणार नाही,” तिने मधुराला सरळ सांगितलं. “रडली तर मांडीवर घेईन, हवा तितका वेळ घेईन. पण या जागेवरून त्या जागेवर न्यायला उचलणार नाही. तिच्या पायाच्या थेरपिस्टला एकदा इथे आणा. थेरपिस्ट जिथे नाही म्हणेल, तिथे मी रेवाला नेणार नाही. हे नको असेल, तर मला वाईट वाटणार नाही.”

मला वाटलं, संपलं. पण मधुरा दुसऱ्या आठवड्यात थेरपिस्टला घेऊन आली. त्या तरुण मुलीने सगळं अंगण पायांखालून घातलं, टेकडीवर चढली, वाकून माती चाचपली. म्हणाली, हिला सपाट जमिनीवर चालायची सवय झालीय, अशी उंचसखल जमीनच हवी. रेवा पडेल तेव्हा कुठल्या बाजूला पडेल, ते आम्हाला दाखवलं. पायऱ्यांना कठडा लावायला सांगितला. तो कॅरलने त्याच शनिवारी लावला.

बर्फाच्या बुटांचा प्रश्न होताच. ब्रेस घातलेला पाय तिच्या मापाच्या बुटात जाईना. मग कॅरलने दोन वेगवेगळ्या मापांचे जोड आणले, डाव्याला लहान, उजव्याला मोठा. उरलेल्या दोन बुटांचा एक विजोड जोड झाला. तो ओवेनने लगेच ताब्यात घेतला आणि पायांत नाही, तर पाणी वाहायला वापरला.

सुरुवातीला रेवा एका ओंडक्यावर बसून असायची आणि मी दिसले की दोन्ही हात वर करायची. “मावशी, उच्चल.” माझे हात आपोआप पुढे जायचे. आपल्याकडे हात वर केलेल्या मुलाला न उचलणं जवळजवळ अशक्य असतं. मागून कॅरलचा आवाज यायचा, “सुलभा, हात खिशात.” तिचे स्वतःचेही खिशातच असायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय या दोन बाया निवांत उभ्या आहेत. पण ते निवांत उभं राहणं नव्हे. नजर त्या उजव्या पायावर, आपण दोन पावलं मागे, गुडघे जरा वाकवलेले आणि डोक्यात सतत तो हिशोब, की आत्ता पडली तर ओंडका किती लांब आहे. दिवसाच्या शेवटी माझी पाठ धरायची, ती मुलं उचलून नाही, न उचलून.

संध्याकाळी निखिल न्यायला यायचा. त्याचा प्रश्न ठरलेला. “काकू, आज काय शिकली?”

“चिखल केला.”

“तो दिसतोय. पण अभ्यास? ए बी सी वगैरे?”

एकदा मी त्याला थांबवलं आणि नीट सांगितलं. रेवाने पंपापासून वाळूपर्यंत पाणी न्यायचं ठरवलं. मोठं भांडं काठोकाठ भरलं, वाटेत सगळं सांडलं. दुसऱ्यांदा पुन्हा काठोकाठ, पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदा तिने अर्धंच भरलं आणि ते पोचलं. मग तिने ओवेनला सांगितलं, की तू जोरात चालतोस, तू मोठं भांडं घे, मी छोटं घेते, पण जास्त फेऱ्या मारते. “यात गणित आहे, बोलणं आहे आणि तिचा पायही आहे,” मी म्हटलं. “ए बी सी कुठे पळून जाणार आहे?”

निखिल हसायला लागला. “काकू, हे आमच्या ऑफिसमध्ये कळलं तर तिला प्रोजेक्ट मॅनेजर करतील.”

मग बर्फ पडला. रात्रभर पडून सकाळी थांबलेला, घोट्याच्या वर येणारा पहिला बर्फ. मुलं बाहेर सुटली आणि पटापट पडायला लागली. सगळीच. जाड विजारी, जड बूट, कोणालाच धड चालता येईना. रेवा तिच्या ओंडक्यावरून बघत होती.

“मावशी, ओवेन पडला.”

“हो.”

“ग्रेसपण पडली.”

“हो गं.”

तेवढ्यात कॅरल पंपाकडे जाता जाता घसरली आणि दोन्ही पाय वर करून आडवी झाली. रेवा ओरडलीच, “मावशी! कॅरलपण!”

मी नंतर कॅरलला विचारलं, की मुद्दाम पडलीस का. “या वयात? या कंबरेने?” ती म्हणाली. पण मला अजूनही शंका आहे.

रेवा ओंडक्यावरून घसरत खाली आली आणि हातांवर, गुडघ्यांवर रांगत टेकडीकडे निघाली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. बर्फात रांगणं सोपं असतं आणि तिथे कोणीच सरळ चालत नव्हतं, त्यामुळे ती वेगळी दिसत नव्हती. अर्ध्यावर गेली, घसरून खाली आली. पुन्हा गेली. त्या दिवशी काही ती वर पोचली नाही. नाताळची सुट्टी होऊन गेली, नवीन वर्ष लागलं, तेव्हा कधीतरी पोचली. मी टाळ्या वाजवायला खिशातून हात काढले, तर तिचं लक्षच नव्हतं. ती वर बसली, खाली घसरली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी इथे एक फसवी हवा येते. दुपारी बर्फ वितळतो, रात्री त्याचं पाणी गोठतं आणि पहाटे वरून नवा भुसभुशीत बर्फ पडतो. खाली काच आहे, हे दिसतच नाही. कॅरल रोज सकाळी पायऱ्यांवर आणि वाटेवर वाळू टाकायची. त्या दिवशीही टाकली होती. टेकडीच्या पायथ्याशी टाकली नव्हती.

रेवा घसरत खाली आली, उठायला गेली आणि तिचा डावा पाय, चांगला पाय, निसटला. हनुवटी ओंडक्यावर आपटली. पांढऱ्या बर्फावर रक्त आहे त्यापेक्षा खूप जास्त दिसतं. कॅरलने क्षणात तिला मांडीवर घेऊन फडकं दाबून धरलं. मी मधुराला फोन केला. मग मुलांना आत घेतलं, डोकी मोजली. शेजारी राहणारी, आमच्याकडे अधूनमधून बदली काम करणारी बाई धावत आली, म्हणून मधुरा आल्यावर मला तिच्याबरोबर दवाखान्यात जाता आलं. रेवा माझी बाही सोडायलाच तयार नव्हती.

हनुवटीला टाके पडले. डॉक्टरांनी रेवाला गमतीने विचारलं, “मग, कशी काय पडलीस?”

रडता रडता रेवाने त्यांची चूक सुधारली. ती इंग्रजीत म्हणाली, “मी पडत नव्हते. मी उठत होते.”

डॉक्टर हसले. मधुरा हसली नाही. पार्किंगमध्ये ती माझ्याकडे वळली. “मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काकू. तुम्हाला सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं. बाकीची मुलं पडतात ते वेगळं आणि ही पडते ते वेगळं. हे कोणालाच कसं कळत नाही?”

आईच्या जागी मी असते, तर हेच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅरल त्यांच्या घरी गेली, मलाही नेलं. सोफ्यावर बसलीसुद्धा नाही. “वरच्या बर्फाखाली बर्फाचा गुळगुळीत थर होता. मी पायऱ्यांवर वाळू टाकली, पायथ्याशी टाकली नाही. टाकायला हवी होती. चूक माझी आहे. डेकेअरला लायसन्स देणाऱ्या ऑफिसला मी स्वतः कळवलंय. ते येऊन बघतील. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल, तर जरूर बोला.”

निखिल गोंधळून बघत राहिला. ज्या ऑफिसात तो काम करायचा, तिथे ‘चूक माझी’ हे वाक्य बहुधा ऐकू येत नसावं. मधुरा शांतपणे म्हणाली, “थँक यू. पण रेवा आता येणार नाही.”

“समजलं,” कॅरल म्हणाली आणि आम्ही निघालो.

गाडीत मीच चिडले. “तू काहीच का बोलली नाहीस? ती किती चढायला लागली, किती बदलली, ते तरी सांगायचंस.”

“आज?” कॅरल म्हणाली. “आज त्यांना टाके दिसतायत. आज मी टेकडीचं कौतुक सांगितलं असतं, तर मी काहीतरी विकायला आलेय असं वाटलं असतं.”

तेवढ्यावर हे थांबलं नाही. अशा छोट्या डेकेअरचं सगळं विश्वासावर चालतं. ऑफिसची बाई आली, अंगण फिरली, पायथ्याशी टाकलेली वाळू बुटाने खरवडून बघितली, सूचना लिहून गेली. बाकीच्या पालकांत कुजबुज झाली. कॅरलने प्रत्येकाला एकेकटं गाठून तेच सांगितलं, त्याच शब्दांत. ज्यांना मूल काढायचं असेल त्यांनी काढावं, असंही सांगितलं. काही दिवस मला धड झोप नव्हती. तिचं आयुष्यभराचं काम एका सकाळीत जाऊ शकत होतं. पण कोणीही मूल काढलं नाही. मला वाटतं, लोकांना ‘चूक माझी’ या वाक्याचाच आधार वाटला असावा.

रेवाला सांभाळायला नागपूरहून निखिलची आई आली होती. मार्चमधल्या एका सकाळी आम्ही बाहेर होतो, तर कुंपणापाशी आजी उभ्या. साडीवर मुलाचं ढगळ जॅकेट, डोक्याला मफलर आणि शेजारी रेवा. स्वतःच्या पायांवर. कुंपणाच्या फटीत नाक घालून टेकडीकडे बघत.

“तुम्हीच का जी सुलभाताई?” आजी म्हणाल्या. “काय शिकवून ठेवलं हिला? जिन्यावर उचलून घ्यायला गेलं, तर अंगावर धावून येते. ‘आजी, हात खिशात!’ म्हणते. आता घरात माह्या साडीले खिसा कुठून आणू मी?”

मी हसले आणि मग मला हसता येईना. आजी पुढे सांगत होत्या. “दिवसभर जिना चढते आणि उतरते. थकते, घामाघूम होते, पण ऐकत नाही. बाहेर जायचं म्हणून सारखी दाराशी. आज म्हटलं, चल बाई, कुठे जायचं ते दाखव. तर चालत-चालत इथे घेऊन आली.”

ओवेनने तिला बघितलं आणि फाटकाकडे धावला. कॅरलने त्याला थांबवलं. फाटक उघडलं नाही. मला ते क्रूर वाटलं. तिने खिशातून फोन काढून मधुराला लावला. “तुझी मुलगी माझ्या कुंपणाबाहेर उभी आहे. तिची आजी बरोबर आहे. मी तिला आत घेतलेलं नाही. तुला काय हवंय ते सांग.”

मधुरा निघते म्हणाली असावी. मग कॅरल म्हणाली, “ठीक आहे. वाट बघतो.”

मधुरा ऑफिसच्या बुटांत आली. कॅरलने तिला स्वतःचे जुने बूट दिले. फाटक उघडलं. “ये, बघ. कुठल्याही क्षणी नको वाटलं, तर उचल आणि घेऊन जा. तुझा हक्क आहे.”

आम्ही चौघी जणी टेकडीपाशी उभ्या राहिलो. बर्फ कमी झाला होता, मधूनमधून गवत दिसत होतं, त्यामुळे रांगणं सोपं नव्हतं. रेवाने डावा पाय वर रोवला, उजवा ओढून घेतला. पुन्हा डावा. अर्ध्यावर तिचा तोल गेला आणि ती बसकण मारून हातभर खाली आली. मधुरा पुढे झेपावली.

“राहू दे, मधुरा,” आजी म्हणाल्या. अगदी हळू.

रेवाने मागे वळून बघितलं. ती आईला शोधत नव्हती. कोणी उचलायला तर येत नाही ना, हे ती बघत होती. कोणी येत नाही, याची खात्री पटल्यावर ती पुन्हा वळली आणि चढायला लागली. वर पोचली. वरून तिने ओवेनला काहीतरी हुकूम सोडला आणि घसरत दुसऱ्या बाजूला गेली. आम्हाला दिसेनाशी झाली.

मधुरा ओंडक्यावर बसली आणि रडायला लागली. रुमाल नव्हता, मी माझा हातमोजा दिला.

“काकू,” ती म्हणाली, “मी हिला इतक्या लांबून कधी बघितलंच नव्हतं. नेहमी कडेवर. मला तिचा फक्त चेहरा दिसायचा.”

कॅरल टेकडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, कारण रेवा तिकडे होती.

दुसऱ्या दिवसापासून रेवा परत आली. किंडरगार्टनला जाईपर्यंत आमच्याकडेच होती. त्यानंतरही पडली, खरचटली, एकदा तिच्याच वयाच्या मुलाला टेकडीवरून ढकलून दिलं म्हणून रागावून घेतलं. पाय काही बरा झाला नाही, तो होणार नव्हताच. लंगडणं आहे ते आहे. पण ब्रेसवर फुलपाखरं नको, डायनोसॉर हवेत, हे तिने डॉक्टरांना स्वतः सांगितलं.

कॅरल थकल्यावर तिने मला विचारलं होतं, “तू चालवशील का?” माझे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते आणि धीर झाला नाही. ती रुखरुख आहे. तिने घर विकलं. नव्या लोकांनी टेकडी सपाट करून तिथे लाकडी डेक बांधला. मी त्या रस्त्याने फिरायला जात नाही.

आता अनेक डेकेअरांच्या जाहिरातींत मुलं बाहेर खेळताना दिसतात. चांगलंच आहे. पण त्या बाहेर उभं राहणाऱ्या बाईला काय येत असावं लागतं, ते जाहिरातीत दिसत नाही. मूल पडेल हे माहीत असून पुढे न होणं आणि पडल्यावर, चूक आपली असेल, तर ती तशी सांगणं. मी आयुष्यात बरीच शिकलेली माणसं बघितली. ही दोन्ही कामं रोजच्या रोज करणारी एकच बाई बघितली.

या सप्टेंबरात मधुराचा मेसेज आला. रेवा आता मिडल स्कूलमध्ये आहे आणि शाळेच्या पळण्याच्या टीममध्ये आहे. मैदानावरचं पळणं नव्हे, बागेतून, चढ-उतारांवरून लांब पल्ल्याचं. त्या टीममध्ये येईल त्याला घेतात. शर्यत बघायला याल का, असं तिने विचारलं होतं. मी कॅरलला गाडीत घालून घेऊन गेले.

मुली आल्या, घोळक्याने आल्या, मग एकेकट्या आल्या. मग बराच वेळ कोणीच नाही. लोक खुर्च्या गुंडाळायला लागले. मग झाडांमागून रेवा आली, तिच्या त्या एका बाजूला झोक जाणाऱ्या चालीने पळत, चेहरा लालबुंद. ती दिसल्याबरोबर लोक उभे राहिले. पहिल्या आलेल्या मुलीला मिळाल्या नव्हत्या, एवढ्या टाळ्या. कोणी शिट्ट्या मारल्या, एक बाई तर डोळे पुसत होत्या.

रेवा रेषा ओलांडून सरळ आमच्याकडे आली. धापा टाकत होती आणि भयंकर वैतागलेली होती.

“मावशी, तू का आलीस? इट्स सो एम्बॅरसिंग,” ती म्हणाली आणि मग कॅरलकडे वळली. “बघितलंस ना? सगळे असं करतात. ‘अमेझिंग’, ‘इन्स्पायरिंग’. मी शेवटची आलेय! कोणी बोलतच नाही!”

मी काहीतरी गोड बोलायला तोंड उघडणार होते. कॅरलने तिच्याकडे नीट बघितलं.

“हो,” ती म्हणाली. “शेवटची आलीस. आणि पुढच्या मुलीपेक्षा बरीच मागे होतीस. उतारावर तू फार जपून पळतेस.”

रेवाचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हो ना? कोचपण काही सांगत नाही. उतारावर काय करू?”

दोघी तिथेच गवतात बसल्या. कॅरल हाताने हवेत उतार काढून दाखवत होती आणि रेवा, बूट सोडत, मान हलवत ऐकत होती.